लिंबागणेशची जपानी

जपानी बोलायला शिकावं म्हणून मी बीड जिल्ह्यात जाऊन आलो, असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग एकमेकांच्या. त्यांचं हसून झालं की मी एवढंच म्हणतो, की पुण्यात आरशासमोर उभं राहून वर्षभर एकट्याने जपानी बोलून पाहा, म्हणजे बीडच काय, कुठेही जायची तयारी होते.

झालं होतं असं. पुण्यातल्या काही स्वदेशी मंडळींनी एका तरुणाला काचकाम शिकायला जपानला पाठवायचं ठरवलं. जागा एक आणि उमेदवार दोन, मी आणि दिगंबर. मंडळींपैकी कुणालाच जपानी येत नव्हतं, म्हणून मुंबईच्या एका पेढीतले जपानी गृहस्थ मार्गशीर्षातल्या अमावास्येनंतरच्या सोमवारी पुण्याला येऊन आम्हा दोघांशी बोलणार होते. ज्याचं बोलणं त्यांना कळेल आणि ज्याला त्यांचं कळेल, तो बोटीवर चढणार. दिगंबरने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केलं होतं आणि तो ते मंगलाष्टकांच्या चालीवर म्हणे. मीही त्याच पुस्तकावर वाढलेला. पण इंग्रजी अक्षरांत छापलेलं जपानी वाचून मी जे बोलत होतो, ते जगात कुठे कुणी बोलतं का, हे सांगायला आसपास एक माणूस नव्हता. कानाला तर काहीच खुराक नव्हता. शेजारच्या काकूंनी माझी दृष्ट काढली, तेवढाच माझ्या अभ्यासाचा परिणाम.

अशात नगरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने सांगितलं, की लिंबागणेशचे माणिकराव म्हणून कुणी आहेत. ते काही वर्षं जपानात कोबे गावी कापसाच्या पेढीवर होते आणि परत येताना तिथलीच बायको घेऊन आले. मी व्यापाऱ्याकरवी निरोप धाडला, की पंधरा दिवस आपल्याकडे राहून उच्चार सुधारून घ्यावेत अशी इच्छा आहे. उलट निरोप आला, की पंधरा दिवस कशाला, हवं तितकं राहा, पण लवकर या. एवढी घाई त्यांना का असावी, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. मी आपला खुशीत वळकटी बांधायला बसलो.

जामखेडच्या पुढे

जामखेड मागे पडलं की इंग्रजांचा मुलूख संपतो आणि निजामाचा सुरू होतो. ते डोळ्यांना कळत नाही. तीच काळी माती, तीच ज्वारी, तेच डोंगर. कळतं ते नाक्यावर. तिथल्या जकातीला करोडगिरी म्हणतात, आणि करोडगिरीच्या कारकुनाने माझ्या वळकटीतून धोतरं, डबा, साबण सगळं बाजूला सारून नेमकं जपानी पुस्तक बाहेर काढलं.

"ये कौनसी ज़बान है?"

"जपानी," मी म्हटलं.

त्याने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. इंग्रजी अक्षरं ओळखीची, पण शब्द भलतेच, त्यामुळे त्याला त्यात काहीतरी कट दिसला असावा. "पढ के सुनाओ," तो म्हणाला. मी एक पान वाचलं. त्याने आतून दोन सोबत्यांना बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. गाडीवान बैल सोडून बिडी ओढत बसला. मी बाजारहाटाचा पाठ वाचला, आगगाडीचा वाचला, आजारी माणसाचा समाचार घेण्याचा वाचला. तिघे अगदी गंभीरपणे ऐकत होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कारकुनाने पुस्तक मिटून माझ्या हाती दिलं.

"हमारे समझ में तो कुछ नै आया," तो म्हणाला. "तुमारे आया क्या?"

वर्षभराच्या अभ्यासावर इतकी नेमकी शेरेबाजी करणारा परीक्षक मला पुढे भेटला नाही. मी चरफडत गाडीत बसलो.

पुढचा रस्ता बालाघाटाच्या डोंगरांतून जातो. सीताफळाची झुडपं इतकी, की जणू डोंगराला तीच एक वनस्पती माहीत आहे. मेंढरं घेऊन निघालेल्या धनगरांनी वाट अडवली, तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने कुणाकडे निघालात म्हणून विचारलं. माणिकरावांकडे, म्हणताच तो गाडीवानाला म्हणाला, "मंग नीट ने बाबा. हारूबाईच्या माहेरचं माणूस हाय." हारूबाई म्हणजे माणिकरावांची ती जपानी बायको असणार. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण मेंढरं पुढे गेली आणि म्हाताराही गेला.

लिंबागणेश

दारात गाडी थांबली आणि मी खाली पाय ठेवणार तोच एक उंच, काटक म्हातारी समोर आली. तिने माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकला, पायांवर पाणी घातलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडली. या माणिकरावांच्या आई. सगळं गाव त्यांना थोरल्याबाई म्हणतं.

"आलास का बाबा!" त्या म्हणाल्या. "लई वाट बगायला लावलीस. समिंदराचा तरास झाला न्हाई ना?"

"मी पुण्याहून आलोय," मी म्हटलं.

"असू दे की. हिच्या बोलीत बोलतोस ना?"

"बोलायला शिकतोय."

"मंग झालं तर." त्यांनी वळून हाक दिली, "माणिक, मामाला बसायला टाक."

माणिकराव हसत पुढे आले. गोल चेहऱ्याचा, सुखवस्तू, कुणाचं मन मोडायचं नाही असा निश्चय करून जगणारा माणूस. त्यांनी मला ओसरीवर घोंगडीवर बसवलं आणि हळूच काय ते सांगितलं. त्यांचा मुलगा दौलत पाच वर्षांचा होत आला होता आणि त्याचं जावळ अजून काढलेलं नव्हतं. तो समोरच खेळत होता. वेणी कमरेपर्यंत आली होती, मी त्याला मुलगीच समजलो होतो. जावळ काढायचं तर मूल मामाच्या मांडीवर हवं, आणि हारूबाईला भाऊच नाही. आईला ती एकुलती एक. गावातल्या तिघाचौघांनी मानलेला मामा व्हायची तयारी दाखवली होती, पण थोरल्याबाई गणपतीपुढे बोलून बसल्या होत्या, की हिच्याशी हिच्या बोलीत चार शब्द बोलेल असा एक माणूस या दारात येऊ दे, तोच मामा, त्याच्याच मांडीवर.

"म्हणून लवकर या म्हणालात?"

"आता पाचवं सरत आलंय बगा," माणिकराव ओशाळून म्हणाले. "सम वर्षात काडत न्हाईत. अन् पुढं पौष लागला म्हंजे मुहूर्त न्हाई."

मी त्यांना सोमवारची गोष्ट सांगितली, एक जागा आणि दोन उमेदवार, सगळं सांगितलं. मला गुरुवारी सकाळी निघावंच लागेल, हे बजावलं. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुढे कळलं.

जेवायला बाजरीची भाकरी, येसराच्या भाजक्या पिठाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. मामा म्हणून मला पहिल्यांदा वाढलं, मामा म्हणून सगळ्यात जास्त वाढलं आणि मामा म्हणून उठू दिलं नाही. पुण्यात यजमान 'आणखी वाढू का' असं विचारतात, आणि त्याचा अर्थ आता पुरे असा असतो. इथे कुणी विचारतच नाही.

उंबऱ्याची शाळा

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी सुरू झाली. माझ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ठळक अक्षरांत लिहिलं आहे, की शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या ओठांकडे लक्ष ठेवावं. माणिकरावांच्या घरात बायका परक्या पुरुषासमोर येत नाहीत. मामा झालो तरी मी अजून जावळाआधीचा मामा होतो, त्यामुळे अर्धा परकाच. तेव्हा व्यवस्था अशी, की मी ओसरीवर, हारूबाई माजघराच्या दाराआड, आणि उंबऱ्यावर थोरल्याबाई कापसाच्या वाती वळत बसलेल्या. मला दाराची कडी आणि हिरव्या लुगड्याचा काठ एवढंच दिसे. ओठांकडे लक्ष ठेवायचं तर ते थोरल्याबाईंच्याच ठेवावं लागे, आणि त्या तंबाखू चघळत.

शिवाय मागे जातं चालू. अंगणात वासरू हंबरतंय. गावातली पोरं भिंतीवर रांगेने बसलेली, आणि मी काही म्हटलं की सगळी एका सुरात तेच म्हणणार. ऐकण्याचा सराव करायला आलो होतो, आणि तिचं बोलणं सोडून सगळं ऐकू येत होतं.

मी घसा साफ करून पुस्तकातलं पहिलं वाक्य म्हटलं. मग दाराआडून आवाज आला, मऊ, पण स्पष्ट.

"मामा, तुमी भांडल्यावानी कावून बोलता?"

कोबेच्या बाईच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. 'कावून' म्हणजे तिकडे 'का'. तिला इथे येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि तिची मराठी थेट लिंबागणेशची होती. तिने समजावलं, की जपानीत घशातून जोर काढायचा नाही. ख, घ, भ असली वजनदार अक्षरं तिकडे नाहीतच. 'देसु' म्हणताना शेवटचा उ गिळून टाकायचा. पुण्याच्या स्वच्छ उच्चारांचा आम्हाला केवढा अभिमान! 'आमी' आणि 'तुमी' म्हणणाऱ्या या मुलखात ती सहज रुळली, आणि माझ्या मात्र प्रत्येक अक्षराला ती म्हणे, "हलकं. आजून हलकं."

तेही मी सोसलं असतं. पण तिने माझं पुस्तक पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावलं आणि स्वतःचं एक वाक्य दिलं. 'ओहारु वा ताश्शा देस.' म्हणजे ओहारु खुशाल आहे. ओहारु हे तिचं मूळ नाव. गावाने त्याचं हारूबाई करून टाकलं होतं.

मी म्हटलं. चूक. पुन्हा म्हटलं. चूक. भिंतीवरच्या पोरांनी म्हटलं, त्यांचं तिने बरोबर ठरवलं असावं, कारण ती हसली. त्या सकाळी ते एक वाक्य सोडून आम्ही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला शेपूट लागलं. 'ओतोको नो को गा हितोरि ओरिमास.' एक मुलगा आहे. यातल्या 'हितोरि'मधला 'हि' नुसत्या श्वासाने काढायचा, हाताच्या तळव्यावर फुंकर घातल्यासारखा. मी फुंकर घातली की अक्षर उडून जाई, अक्षर धरलं की फुंकर राहून जाई. थोरल्याबाई प्रत्येक वेळी वात थांबवून विचारत, "काय म्हनला त्यो?" आणि हारूबाई दर वेळी मराठीत सांगे, "एक मुलगा हाय, म्हनले." दुपारपर्यंत मला एक मुलगा आहे ही गोष्ट साऱ्या गावाला पाठ झाली. एकाने मला बायकोचा समाचारही विचारला. माझं लग्न झालेलं नाही.

मी चिडलो. काच, भट्टी, कारखाना, किंमत, मजुरी हे शब्द मला हवे होते. सोमवारी तो जपानी गृहस्थ मला 'कारखान्यात काय शिकणार' असं विचारणार, आणि मी त्याला हारूबाई खुशाल आहे म्हणून सांगणार? तिसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडून मोठ्याने काचकामाचा पाठ वाचायला लागलो. आतून काही उत्तर आलं नाही. पान संपलं, तरी नाही.

"आत कोणी आहे का?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "माझ्या आईला हे कळायचं न्हाई."

"तुमच्या आईचा इथे काय संबंध?"

जातं थांबलं होतं. थोरल्याबाईंनीही वाती खाली ठेवल्या. मग हारूबाईने सावकाश सांगितलं. ती आईच्या मनाविरुद्ध माणिकरावांबरोबर निघाली. बंदरावर आई आली नाही. इकडून तिने कागद धाडले, पण आईला वाचता येत नाही. कुणी शेजारी वाचून दाखवत असेल, नसेलही. उत्तर कधी आलं नाही.

"कागद दुसऱ्यानं वाचला, की त्यो दुसऱ्याचाच आवाज," ती म्हणाली. "तुमी कोबेला उतरनार. तुमच्या तोंडातून माझा आवाज तिच्या कानावर गेला पायजे. तिला वाटलं पायजे, की ही हारूच बोलली."

थोरल्याबाई पदराने नाक पुसत होत्या. "न्हाई म्हनू नको बाबा," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. पण मनातला वैताग काही गेला नाही, कारण सोमवार जवळ येत होता आणि माझ्याजवळ दोन वाक्यं होती.

त्यानंतर सकाळी काचकाम आणि दुपारी आई, असा आमचा करार झाला. काचेचे शब्द तिलाही फारसे येत नव्हते, पण ती बाजारहाटाचं, आगगाडीचं, हवापाण्याचं भराभर विचारी आणि मी जात्याच्या घरघरीतून पकडून उत्तर देई. कान हळूहळू उघडायला लागले होते. दुपारी ती स्वतः आई होई. दाराआडून जरबेने विचारी, "सोबा नि दारे गा ओरु नो?" तिच्याजवळ कोण असतं? त्याचं उत्तरही तिनेच ठरवून दिलेलं होतं. 'मिन्ना ओरिमास.' सगळे आहेत.

बुधवारी शेतात पहिला हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरावर कणसं, हातावर चोळून गरम गरम दाणे, सोबत लसणाची चटणी. पुण्याला हुरडा येतो तो गार होऊन येतो, त्याला हुरडा म्हणण्यात अर्थ नाही. माझा राग बराच उतरला होता. तेवढ्यात जोशीबुवा आले आणि जावळाचा मुहूर्त सांगून गेले. शुक्रवार सकाळ.

मांजरसुंब्याची वाट

"मी गुरुवारी निघणार, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," मी माणिकरावांना म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

गुरुवारी सकाळी मी वळकटी बांधून गाडीवानाकडे गेलो. तो बैलांना पेंड घालत होता. "मामा जावळाच्या आदी जातो व्हय?" तो म्हणाला. "मी न्हाई बैल जुपत." दुसऱ्याकडे गेलो. त्याचे बैल लंगडत होते, म्हणे. ते माझ्यासमोर उड्या मारत पाण्यावर गेले. तिसरा देवळाजवळ भेटला. तो नुसता हसला आणि म्हणाला, "एक रोज थांबा की. कावून घाई करता?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी वळकटी खांद्यावर टाकली आणि मांजरसुंब्याचा रस्ता धरला. तिथे चार वाटा मिळतात, नगरकडची एखादी गाडी मिळेल असा हिशेब. ती गाडी परत लिंबागणेशवरूनच जाणार, हे त्या रागात ध्यानात आलं नाही.

चालता चालता सवयीने तोंड चालू झालं. ओहारु वा ताश्शा देस. वाटेवर ऐकायला कुणी नव्हतं, जातं नव्हतं, पोरं नव्हती, आणि गंमत म्हणजे वाक्य एकदम हलकं, जसं ती म्हणे तसं आलं. ओतोको नो को गा हितोरि ओरिमास. फुंकरसुद्धा बरोबर. मग मीच तिच्या आईच्या जरबेने विचारलं, सोबा नि दारे गा ओरु नो? आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.

सगळे आहेत.

सगळे कुठे आहेत? उद्या त्या मुलाला मांडीवर घ्यायला म्हणून जो एक माणूस पाच वर्षांनी त्या दारात आला, तो वळकटी घेऊन रस्त्याने निघाला होता. आणि हाच माणूस समुद्रापलीकडे जाऊन एका म्हातारीला हुबेहूब उच्चारात सांगणार, की सगळे आहेत. मी दोनतीनदा म्हणून पाहिलं. जीभ अडत नव्हती, पण म्हणवेना.

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि मनसोक्त वैतागलो. थोरल्याबाईंवर, गणपतीपुढल्या बोलीवर, बैलांवर, सोमवारवर. शुक्रवारी दुपारी निघालं, गाडी नीट नगरला गेली आणि तिथे आगगाडी मिळाली, तर सोमवारी सकाळी पुण्याला पोचता येईल, असा हिशेब पुन्हापुन्हा केला. मग उठलो आणि परत फिरलो. गावात शिरताना पेंड घालणारा तो पहिला गाडीवान भेटला. "आलात?" एवढंच म्हणाला, आणि वळकटी माझ्या खांद्यावरून काढून घेतली.

मांडीवर

शुक्रवारी सकाळी देवळासमोर सतरंजी घातली. मला पटका बांधला. दौलतला माझ्या मांडीवर बसवलं. न्हावी वस्तरा परजत पुढे आला आणि दौलतने सर्व ताकदीनिशी माझा अंगठा चावला. त्याची आत्या केस झेलायला पदर पसरून बसली होती, ती म्हणे, "घट्ट धरा, मामा!" न्हावी म्हणे, "डोकं धरा!" पोर ओरडतंय, लाथा झाडतंय, वाजंत्री वाजतायत, केस माझ्या नाकातोंडात.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "जित्तो शिते!"

दौलत हलतच राहिला. मी मात्र श्वाससुद्धा रोखून ताठ झालो. हलू नकोस, असं ती म्हणाली होती. ते मला ऐकू आलं आणि कळलं, मधे मराठी आलीच नाही. हा शब्द तिने मला कधी शिकवला नव्हता, बहुतेक पुस्तकाच्या कुठल्यातरी पानावर निपचित पडलेला असेल. इतक्या गोंगाटात तो सरळ अंगात शिरला. मी वर पाहिलं. ती डोक्यावरचा पदर सावरत उभी होती, आणि पहिल्यांदा मला तिचं तोंड दिसलं. बारीक चणीची, उन्हाने रापलेली, कपाळावर मोठं कुंकू. मी ताठ झालेला पाहून ती तोंडावर हात ठेवून हसत होती.

मला फार आनंद झाला. अंगठ्यातून रक्त येत होतं तरीही.

दुपारी गाडी जुंपली. थोरल्याबाईंनी धपाट्यांची शिदोरी दिली. हारूबाई आता उंबऱ्यापर्यंत आली, जावळ झाल्यामुळे मी पुरता मामा झालो होतो. "इत्ते इराश्शाइ," ती म्हणाली. जाऊन या. तिकडेही निघणाऱ्याला नुसतं जा म्हणत नाहीत, आपल्यासारखंच येण्याचं नाव घेतात. पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. पण मी आपला मराठीत "येतो" म्हटलं.

पुणे

सौताड्याच्या घाटात गाडीचा कणा मोडला. त्याबद्दल मी लिहिणार नाही, लिहायला लागलो तर जे शब्द येतील ते छापता येणार नाहीत. मी पुण्याला पोचलो तो मंगळवारी.

जपानी गृहस्थ आदल्या संध्याकाळी मुंबईला परतले होते. दिगंबरने त्यांना अर्धं पुस्तक म्हणून दाखवलं. मंडळींपैकी एकजण मला म्हणाले, की त्यांना त्यातलं फारसं कळलेलं दिसलं नाही, पण मुलगा मेहनती आहे असं मत त्यांनी दिलं. आणि दुसरा उमेदवार तर हजरच नव्हता.

मी घरी येऊन दार लावून बसलो. दिगंबरचा मत्सर वाटला, अगदी उघड, जळजळीत. मला जायचं होतं. मला काच शिकायची होती, बोट बघायची होती, आणि आता तर माझे कान उघडले होते! ज्याला एक अक्षर कळणार नाही तो जाणार, आणि ज्याला कळतं तो पुण्यात राहणार. दोन दिवस मी दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दिगंबरकडे गेलो. तो मी भांडायला आलो असं समजून सावरून बसला. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, की बोट कोबेला लागते, तिथे एका घरी जायचं आणि एवढं बोलायचं. तो मनाने चांगला आहे, लगेच हो म्हणाला. वाक्य ऐकलं आणि मंगलाष्टकांच्या चालीवर म्हणून दाखवलं.

"असं नाही," मी म्हटलं.

त्यानंतर तो निघेपर्यंत रोज संध्याकाळी मी त्याच्या ओसरीवर जात होतो. उ गिळा. हलकं. भांडल्यासारखं बोलू नका. तो बिचारा जेवण टाकून बसे. एकदा कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, कळेल हो त्या बाईला! अर्थ कळल्याशी कारण."

"अर्थ तिला कागदातूनही कळला असता," मी म्हटलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याची वाक्यं बसली. खुशाल आहे, एक मुलगा आहे, सगळे आहेत. डोळे मिटून ऐकलं, तर दाराआडून यावीत तशी आली. दिगंबरने घाम पुसला आणि सुपारी कातरता कातरता विचारलं, "पण म्हातारीने विचारलं, की तुला कुणी पाठवलं, तर काय सांगू?"

हे हारूबाईने शिकवलेलंच नव्हतं. शिकवायचं कारण नव्हतं, मीच तर जाणार होतो. पुस्तकातही ते कुठे नव्हतं. मी शब्दाला शब्द जोडून माझं मी एक वाक्य केलं आणि म्हटलं, "ओहारु नो ओतोतो नि तानोमारेमाश्ता."

"म्हणजे?"

"ओहारुच्या धाकट्या भावाने सांगितलंय."

दिगंबरचा अडकित्ता थांबला. "पण तिला भाऊ नाही म्हणालात ना? म्हातारीला ठाऊक नसेल का?"

"असू दे की. म्हणा," मी म्हटलं.